पाटाचे पाणी आणि अनुदानाचा पैसा

धुळे जिल्ह्यात पांझरा नदी वाहते. कान ही तिची उपनदी. या नद्यांवर आपल्या वाडवडिलांनी लहान लहान बंधारे बांधले. बंधाऱ्यातून पाट काढला. पाटाखालच्या जमिनीचे भाग पाडले. त्या भागांना फड म्हणतात. म्हणून या पद्धतीचे नाव फड पद्धती. ती शेकडो वर्षे चालत आली. पुढे मोठी धरणे झाली. कित्येक ठिकाणी ही पद्धत मागे पडली. तरी तिची आठवण जुन्या माणसांना आहे.

फडात पाणी सर्वांचे असते. पण ते कुणी मनाला येईल तेव्हा घेत नाही. पाणी पाळीने मिळते. पाणी सोडायला पाटकरी असतो. तो सर्वांनी मिळून नेमलेला असतो. पाणी त्याच्या हातून सुटते, पण पाणी त्याचे नसते. पाट फुटला तर दुरुस्त करायला सर्वांनी जायचे असते. एखाद्याने रात्री चोरून बारे फोडले, तर खालच्या शेतकऱ्याचे पीक वाळते. म्हणून सगळे लक्ष ठेवतात.

मंडळी, आज आपण पाण्याविषयी नाही, पैशाविषयी वाचणार आहोत. या पैशाला अनुदान म्हणतात. त्याची रीत फडाच्या पाण्यासारखीच आहे.

अनुदान म्हणजे काय?

गावात चार प्रकारांनी पैसा जमतो.

गणपतीला घरटी पन्नास रुपये काढले, ती वर्गणी झाली.

एखाद्या सधन माणसाने शाळेला घड्याळ दिले, ती देणगी झाली.

सोसायटीतून बियाण्यासाठी पैसे घेतले, ते कर्ज झाले. ते व्याजासह फेडावे लागते.

अनुदान या तिघांहून निराळे आहे. सरकार, महानगरपालिका, नगरपरिषद, जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत एखाद्या लोकोपयोगी कामासाठी संस्थेला पैसे देते. ते परत फेडायचे नसतात. पण ते ज्या कामासाठी दिले, त्याच कामाला लावायचे असतात. आणि लावले, हे दाखवून द्यायचे असते. कर्जात पैसा फेडायचा असतो. अनुदानात हिशेब फेडायचा असतो.

हा पैसा कुणाचा?

आमच्या खानदेशात एखादी म्हातारी चटकन विचारील, "हाऊ पैसा कोना शे?" प्रश्न बरोबर आहे.

आपण घरपट्टी भरतो. पाणीपट्टी भरतो. दुकानातून साबणाची वडी आणली, तरी तिच्या किमतीत कर असतो. मजूर, शेतकरी, विधवा बाई, सगळेच तो देतात. हे थेंब एकत्र होतात आणि तिजोरी भरते. त्या तिजोरीतून अनुदान निघते.

म्हणजे अनुदान हा कुणाचा उपकार नव्हे. पुढाऱ्याने ते आपल्या खिशातून दिलेले नसते. साहेब हा इथला पाटकरी. पाणी सोडायचे काम त्याचे, पाणी मात्र सर्वांचे.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवू. पैसा सर्वांचा, म्हणून तो मंडळाच्या अध्यक्षाचाही नव्हे. "आम्ही धावपळ करून आणला, आता आम्ही ठरवू," असे म्हणता येत नाही.

शहरात काय चालते?

जळगाव आणि धुळे या दोन्ही शहरांत २००३ साली महानगरपालिका झाल्या. त्याआधी तिथे नगरपालिका होत्या. अमळनेर, चोपडा, पाचोरा, भुसावळ, चाळीसगाव, शिरपूर, दोंडाईचा या ठिकाणी नगरपरिषदा आहेत. आपले कुणी ना कुणी या शहरांत राहते. कुणाची लेक तिथे दिली आहे, कुणाचा मुलगा तिथे कामाला आहे.

महानगरपालिकांचा कायदा १९४९ सालचा आहे. त्यात दोन प्रकारची कामे सांगितली आहेत. पहिली बंधनकारक कामे. ती केलीच पाहिजेत. उदाहरणार्थ, पिण्याचे पाणी, गटारे, झाडलोट, रस्त्यावरचे दिवे. दुसरी ऐच्छिक कामे. लोकांचे आरोग्य, शिक्षण, सोय यांना मदत होईल अशी कामे पालिकेला करता येतात. पण त्यासाठी पैसा शिल्लक असावा लागतो. स्वयंसेवी संस्थांना मदत बहुधा या दुसऱ्या प्रकारात बसते.

म्हणून पालिकेची तिजोरी सुस्थितीत असणे फार महत्त्वाचे. जळगावात १९९० नंतरच्या काळात गरिबांसाठी घरकुले बांधायचे ठरले. त्यासाठी मोठे कर्ज काढले. पुष्कळ घरे अपुरी राहिली. कर्ज मात्र राहिले. पुढे खटला झाला. २०१९ साली धुळ्याच्या न्यायालयाने अनेकांना दोषी ठरवले. त्यावर वरच्या न्यायालयात अपिले झाली. आपण एवढेच लक्षात घेऊ, की मोठा पैसा वाटेत अडला म्हणजे लहान कामांना काही उरत नाही. वर पाट फुटला, की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही.

इतर ठिकाणी लोक काय करतात?

पुणे महानगरपालिकेने २००६ साली एक चांगली रीत सुरू केली. नागरिकांनी आपल्या भागातले लहानसे काम अर्जावर लिहून द्यायचे. योग्य कामे पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यायची. ही कल्पना ब्राझील देशातली. तिथल्या पोर्तो अलेग्रे शहरात ती १९८९ साली सुरू झाली. मजुरांच्या वस्त्यांतले लोक सभेला बसत आणि आपल्याला आधी काय हवे ते ठरवत.

अमेरिकेत १९७४ साली एक कायदा झाला. त्या कायद्याने तिथले केंद्र सरकार शहरांना दरवर्षी पैसा देते. त्यातला जास्तीत जास्त शेकडा पंधरा भाग लोकसेवेच्या कामांना देता येतो. मुलांचे वर्ग, तरुणांचे शिक्षण, गरिबांची आरोग्यसेवा अशी ती कामे असतात. बरीचशी ती लहान स्थानिक संस्थाच करतात. पैसा वाटण्याआधी शहराला जाहीर सभा घेऊन लोकांचे म्हणणे ऐकावे लागते.

देश निराळे, भाषा निराळ्या. पण गोष्ट एकच. लहान पैसा, लहान संस्था आणि सर्वांसमोर निर्णय.

तरुणांसाठी काय आहे?

गावातला तरुण पोरगा संध्याकाळी कुठे जातो? पाराजवळ बसतो, नाही तर पानटपरीवर उभा राहतो. तंबाखू, गुटखा, मग पुढचे सगळे. त्याला नुसते रागावून भागत नाही. त्याला जायला चांगली जागा हवी. आखाडा हवा, कबड्डीचे मैदान हवे, वाचायला खोली हवी.

यासाठी काही वाटा आहेत. जळगाव आणि धुळे येथे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याचे कार्यालय आहे. व्यायामशाळेचे बांधकाम आणि साहित्य यांसाठी राज्य सरकारची अनुदान योजना आहे. ती या कार्यालयातून चालते. नोंदणी केलेल्या संस्थेला आणि ग्रामपंचायतीलाही तिच्यासाठी अर्ज करता येतो.

वाचनालयासाठी १९६७ सालचा ग्रंथालय कायदा आहे. गावकऱ्यांनी चालवलेल्या वाचनालयाला मान्यता मिळाली, तर वर्षाचे अनुदान मिळते. वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. लहान वाचनालय ड वर्गात येते. मात्र संस्थेने आपलाही वाटा घालावा लागतो.

ग्रामपंचायतीकडेही पाहा. तिने आपल्या उत्पन्नातला शेकडा दहा भाग स्त्रिया आणि मुले यांच्या कल्याणासाठी ठेवावा, असा नियम आहे. अपंग बांधवांसाठी शेकडा पाच भाग ठेवायचा असतो. तुमच्या गावात हा पैसा गेल्या वर्षी कशावर खर्च झाला? ग्रामसभेत विचारा. विचारण्यात भांडण नाही.

गावाच्या आरोग्याचे दहा हजार

आता एक गोष्ट सांगतो. ती पुष्कळांना ठाऊक नसते.

२००५ साली देशात ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात प्रत्येक गावात एक समिती करायची ठरली. तिचे नाव लांबलचक आहे. गाव आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. ग्रामपंचायतीचे सदस्य, आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाच्या बाया असे लोक तिच्यात असतात. समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात, असे अभियानाचे सांगणे आहे. या समितीला वर्षाला दहा हजार रुपयांपर्यंत निधी द्यावा, असे ठरले. तो कशावर खर्च करायचा, हे समितीने ठरवायचे. म्हणून त्याला अबंधित निधी म्हणतात. अबंधित म्हणजे न बांधलेला. पण आरोग्याच्या कामाशी मात्र तो बांधलेलाच आहे. त्यातून मिरवणूक काढता येत नाही आणि कमानही उभारता येत नाही.

दहा हजारांत काय होते, असे कुणी म्हणेल. समजा, तापीकाठचे एक गाव आहे. तिथल्या समितीने असा बेत केला:

हातपंपाभोवतीचा चिखल काढून शोषखड्डा करणे – ३,५०० रुपये.
तातडीच्या वेळी गरीब रुग्णाच्या गाडीभाड्यासाठी राखीव – ३,००० रुपये.
एप्रिल-मे महिन्यांत एसटी थांब्यावर पाणपोई, सोबत मीठ आणि साखर – १,५०० रुपये.
अंगणवाडीचा वजनकाटा दुरुस्त करणे – १,२०० रुपये.
मुलींच्या रक्ततपासणीच्या दिवशी मांडव आणि फलक – ८०० रुपये.
एकूण – १०,००० रुपये.

एकेक बाब पाहा. शोषखड्डा झाला, तर पाणी साचत नाही, डास कमी होतात. जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. उन्हातून आलेल्या माणसाला वेळेवर पाणी मिळाले, तर त्याचा जीव वाचू शकतो. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे आणि ती फुकट आहे. आधी तिलाच बोलवावे. पण एखाद्या पाड्यावर ती वेळेत पोचली नाही, तर राखीव पैसा कामी येतो. वजनकाटा खरे बोलू लागला, तर कोणते मूल खंगते आहे ते कळते. रक्ततपासणी तर सरकारी दवाखान्यात फुकटच होते. खर्च फक्त मांडवाचा. साक्री, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या सातपुड्याच्या आणि डोंगराच्या भागात सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आढळतो. तोही तपासणीतच कळतो.

म्हणजे पैसा थोडा असला, तरी योग्य ठिकाणी पडला की काम मोठे होते. ठिबकाच्या नळीसारखे. पाणी थोडे, पण मुळाशी पडते.

नंदुरबारचे उदाहरण

नंदुरबार १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यातच होते. आता तो निराळा जिल्हा आहे. २००७ साली महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत लोकांनी आरोग्यसेवेवर देखरेख ठेवण्याचा प्रयोग सुरू झाला. त्यात नंदुरबार होते. या प्रयोगात गावकरी आपल्या दवाखान्याची पाहणी करतात. औषधे आहेत का, नर्सबाई येतात का, निधी कुठे गेला, हे विचारतात. मग जनसुनवाई होते. तिथे अधिकारी आणि गावकरी समोरासमोर बसतात. आदिवासी बायाही उठून बोलतात.

आधी अक्षर, मग प्रश्न, मग उत्तर. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. फळ्यावरची रक्कम तुम्हाला वाचता येते. अक्षराचा हा मोठाच उपयोग आहे.

अर्ज कसा करायचा?

एका मंडळाची पोरे ग्रामसेवकाकडे गेली, असे समजा. ग्रामसेवकाला २०२४ पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. लोक मात्र भाऊसाहेबच म्हणतात.

"भाऊसाहेब, आमच्या मंडळाला व्यायामशाळेसाठी पैसे पाहिजेत."

"किती पाहिजेत?"

"जितके मिळतील तितके."

"मग काहीच मिळणार नाही."

"का बरं, भाऊसाहेब?"

"अरे बाबा, 'जितके मिळतील तितके' हा आकडा मी कोणत्या रकान्यात लिहू? जागा कुणाची? पोरं किती येतील? सामान काय, त्याचा भाव काय? कुलूप-किल्ली कुणाकडे राहील? हे लिहून आणा. मग बोलू."

पोरे आधी हिरमुसली. मग वही घेऊन बसली. आठ दिवसांनी कागद घेऊन आली.

भाऊसाहेबांनी विचारलेले प्रश्न म्हणजेच अर्ज. चांगल्या अर्जात पाच गोष्टी असतात.

१. गावाची गरज काय आहे?
२. आम्ही काय करणार?
३. त्याचा उपयोग किती जणांना होईल?
४. खर्च किती? दुकानातून आणलेली दरपत्रके जोडली आहेत का?
५. आमचा वाटा काय? पैसा नसेल तर श्रमदान किती?

यासोबत कागदपत्रे लागतात. संस्थेचा नोंदणी दाखला, संस्थेची घटना, सभेचा ठराव, बँकेचे पासबुक आणि तपासलेले हिशेब. संस्था नोंदवायची असेल, तर १८६० च्या कायद्याप्रमाणे निदान सात माणसे लागतात. सार्वजनिक विश्वस्त संस्थांचा कायदा १९५० चा आहे. ही नोंदणी धर्मादाय कार्यालयात होते. जळगाव आणि धुळे येथे ती कार्यालये आहेत.

तुमचे मंडळ नोंदलेले नसेल, तरी हात जोडून बसू नका. काम ग्रामपंचायतीनेच करावे, असा ठराव ग्रामसभेत मांडा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा होते. तिच्याआधी स्त्रियांची निराळी सभा होते. हातपंपाचा चिखल कोण तुडवते? बायाच ना? मग ते काम आधी त्यांच्या सभेत निघू द्या.

हिशेब कसा ठेवायचा?

पैसा मिळाला की खरे काम सुरू होते. हे नियम पाळा.

पैसा संस्थेच्या बँक खात्यातच ठेवा. कुणाच्या घरी ठेवू नका. खात्यावर दोघांच्या सह्या असाव्यात.

खरेदीआधी दोन-तीन दुकानांचे भाव आणा.

प्रत्येक खर्चाची पावती घ्या. गाडीवाल्याकडे पावती नसेल, तर साध्या कागदावर रक्कम, तारीख आणि काम लिहून त्याची सही किंवा अंगठा घ्या.

रोजचा जमाखर्च रोज लिहा. उद्यावर टाकलेला हिशेब विसरतो आणि विसरलेला हिशेब संशय आणतो.

आणलेले सामान नोंदवहीत लिहा. डंबेल्स किती, चटया किती, पुस्तके किती.

काम संपले की उपयोगिता प्रमाणपत्र द्यावे लागते. मिळालेला पैसा ठरल्या कामावर खर्च झाला, असे त्यात लिहून द्यायचे असते. जे शिल्लक राहिले, ते तसे सांगायचे असते.

एवढे झाले की शेवटचे काम करा. तो हिशेब मोठ्या अक्षरांत चावडीवर लावा. हे कुठल्या साहेबाने सांगितले नसले, तरी करा.

हिशेब दिला नाही, तर काय होते? पुढचा हप्ता थांबतो. पुढच्या वर्षी अर्ज मागे येतो. ज्याने गोंधळ केला तो पुन्हा मिरवत फिरतो. पण त्या वर्षी ज्या पोराने दंड मारायला सुरुवात केली असती, तो पानटपरीवर उभा राहतो. ज्या बाळाचे वजन वेळेवर कळले असते, ते कळत नाही. चोरून फोडलेल्या बाऱ्याचे पाप असे खालच्या शेताला भोगावे लागते.

तुम्हाला हिशेब पाहायचा असेल आणि कुणी दाखवत नसेल, तर २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. दहा रुपये फी भरून अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तीही फी नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पण आधी गोडीने विचारून पाहा. आपल्याच गावचा माणूस आहे.

अनुदानावर विसंबू नका

सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण उगाच पडली नाही. मार्च महिन्यात मिळणारा पैसा कधी ऑगस्टमध्ये येतो. कधी अर्धा येतो, कधी येतच नाही. तोवर व्यायामशाळेला कुलूप लावायचे का? वाचनालय बंद ठेवायचे का?

म्हणून संस्थेने आपली थोडी तरी वर्गणी चालू ठेवावी. महिन्याला दहा-वीस रुपये पुरेत. वर्गणी देणारा माणूस हिशेबही विचारतो. तो विचारतो, म्हणून संस्था सरळ चालते. अनुदान हे वरचे पाणी आहे. आपली वर्गणी आणि आपले श्रम ही आपली विहीर आहे. पाट आटला, तरी विहिरीवर चार वाफे जगतात.

याच खानदेशात यावलजवळ फैजपूर आहे. १९३६ साली तिथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. साने गुरुजी त्यासाठी गावोगाव फिरले. खेड्यातल्या माणसांना एवढे मोठे काम पेलले. मग शोषखड्डा, आखाडा आणि वाचायची एक खोली हे काम तुमच्या गावाला जड नाही.

आपसांत बोला

१. तुमच्या गावात आरोग्य समिती आहे का? तिच्यात कोण कोण आहे?
२. गेल्या वर्षी समितीला किती निधी आला? तो कशावर खर्च झाला?
३. तुमच्याकडे पाच हजार रुपये असते, तर गावाच्या आरोग्यासाठी आधी कोणते काम केले असते? का?
४. एका पानावर जमाखर्च लिहून पाहा. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. दोन्ही बाजू जुळल्या का?